घुमटाखालची कुजबुज

घुमटाची खोली,
मंगळवार, ३ ऑक्टोबर

ती. सौ. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

मागच्या पत्रात मी एक गोष्ट चुकीची लिहिली. ती आधी दुरुस्त करते, मग बाकीचं. आमच्या तिकिटांच्या खिडकीवाल्यांना कामावरून काढलं त्याबद्दल मी लिहिलं होतं की ते पाहुण्यांविषयी मोठ्यानं, सगळ्यांदेखत वाईट बोलले. तसं झालं नव्हतं. ते कुजबुजले होते. मोठ्यानं बोलला तो घुमट.

तू आमचं तारांगण पाहिलेलं नाहीस, म्हणून समजावून सांगते. गोल दालन आहे, वर पांढरा घुमट, मधे खुर्च्या. एका कडेला माझं टेबल, त्यावर दिव्यांची बटणं आणि खटके. बरोबर समोरच्या कडेला दरवाजा. दरवाज्यापाशी भिंतीला लागून कोणी हळूच काही बोललं तर मधल्या खुर्च्यांना ते मुळीच ऐकू जात नाही. आवाज भिंतीवरून वर सरपटत जातो आणि दुसऱ्या बाजूनं थेट माझ्या कानात उतरतो. जणू बोलणाऱ्यानं माझ्याच खांद्यावर हनुवटी टेकली आहे. नव्या माणसाला हे पहिल्याच दिवशी सांगतात. मला ते खुद्द खिडकीवाल्यांनीच सांगितलं होतं, दरवाज्यापाशी उभं राहून माझ्या नव्या चपलांची चेष्टा करून. मी टेबलापाशी दचकले आणि ते तिकडे पोट धरून हसत होते.

खेळ सुरू झाला की तिकिटांची खिडकी बंद होते, मग ते लोकांना बसवायला दरवाज्याशी येतात. त्या दिवशी विश्वस्तांचे गोरे पाहुणे आले होते. खिडकीवाले द्वारपालाच्या कानाशी वाकले आणि म्हणाले की ह्या गोऱ्यांची अख्खी जमातच चोर, जाताना खुर्च्या मोजून घे. मी टेबलाशी ऐकलं. माझ्याजवळ यंत्र बघायला उभ्या असलेल्या पाहुण्या बाईंनीही ऐकलं. दिवस मावळायच्या आत खिडकीवाल्यांना घरी पाठवलं. समितीनं मला बोलावून एकच प्रश्न विचारला, स्पष्ट ऐकू आलं का. मी हो म्हटलं. ते खरंच होतं. पण कसं ऐकू आलं हे मी सांगितलं नाही, कारण कोणी विचारलं नाही. तुझ्या भाषेत उत्तर बरोबर आणि पायरी गाळलेली. तू स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसवून मला गणितं घालायचीस तेव्हा अशा उत्तराला लाल फुली मारायचीस. गैरसमज करून घेऊ नकोस, ते बोलले ते वाईटच होतं, कुजबुजून बोलले म्हणून गोड होत नाही. पण तुला मी पायरी गाळून लिहिलं हे मला खुपत होतं.

आता आनंदाचं. माइकवरून आकाश समजावणारे आमचे सर निवृत्त होणार. शनिवारी, ४ नोव्हेंबरला त्यांचा सत्कार आहे. त्यांच्यानंतर माइकवर कोण, ह्यावर वरच्या मजल्यावर खल चालला होता आणि सरांनी माझं नाव सांगितलं! मावशी, मी आजवर नुसती दिवे सांभाळते. सूर्य मावळवते, तारे आणते, शेवटी पहाट करते. बोलणारे सर. आता बोलणारी मी असेन. ह्या जागेवर नेमलं की हंगामी हा शब्दही माझ्या नावापुढून जाईल. काल दुपारच्या उन्हात बाहेर पडले तरी डोळ्यांपुढे तारेच तरंगत होते आणि मी मनातल्या मनात रस्त्यावरच्या माणसांना त्यांची नावं सांगत चालले होते. तू आणि काका सोडून कोणाला बोलले नाहीये. आईलाही नाही. ती लगेच शेजारी सांगेल.

आणखी एक लिहायचं आहे, पण कसं लिहू कळत नाही.

मी सूर्य मावळवला की आम्ही काही वेळ घुमटाखाली काळोख ठेवतो. डोळे काळोखाला रुळले की तारे नीट दिसतात. त्या वेळाला आम्ही सराव म्हणतो. मुलं घाबरू नयेत म्हणून सर तेव्हा माइकवरून गमतीजमती सांगतात. काल दोन शाळा होत्या. मागे टेकडीकडची, पुढच्या रांगांत बंदराकडची. बंदराकडची मुलं खिडकीवाल्यांच्या वस्तीतली. त्यांचे आजे-पणजे जहाजांवर ओझी वाहायला समुद्रापलीकडून आणलेले, सगळे गडद काळे. सराव सुरू झाला आणि सर म्हणाले की पुढच्या रांगेतल्या मुलांनी कृपया तोंड मिटून बसावं, नाहीतर त्यांचे दात बघून मागच्यांना वाटेल तारे लवकर उगवले. मग म्हणाले की तुमच्या बाई काळोखात तुमची हजेरी घेतात तरी कशी, सगळे गैरहजरच दिसत असतील.

मागून हशा पिकला. टेकडीच्या शाळेचे मास्तरही हसले.

मग मी तारे आणले. त्या क्षणी नेहमी सगळ्या घुमटातून एक आऽऽ निघतो. मी नोकरी करते ती त्या आवाजासाठी, असं म्हटलं तरी चालेल. काल तो फक्त मागून आला. अर्धा घुमट मुका. शेवटी मी पहाट केली तेव्हा दिसलं, पुढच्या रांगेतल्या मुलांनी तोंडावर हात धरले होते. अख्खा खेळभर धरले असावेत.

आणखीही एक काही मला टेबलाशी ऐकू आलं. ते आज लिहीत नाही.

सरांच्या मनात काही नसेलही. मला ध्रुव कसा शोधायचा ते त्यांनी शिकवलं, तेही न रागावता. तू काय म्हणतेस ते कळव. काकांना नमस्कार. तुझा माझ्यावरचा लोभ असाच राहू दे, चुका काढणारा.

तुझी
शंकाबाई

* * *

घरून,
रविवार, ८ ऑक्टोबर

चि. शंकाबाईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. चुकीची दुरुस्ती आधी आणि खुशाली नंतर, हे तुझं तुला शोभतं. लहानपणी तू शिंकलीस तरी पुन्हा येऊन सांगायचीस की मावशी, मघाशी दोनदा नाही, तीनदा शिंकले. मी तुला शंकाबाई म्हणायला लागले ती त्याच वर्षी.

इकडची खबर अशी की तुझ्या काकांनी मोठा पराक्रम केला. मुख्याध्यापकांचा चष्मा त्यांच्या सौभाग्यवतींना दिला आणि त्यांचा ह्यांना. दोघं आठवडाभर तेच घालून हिंडत होते. काल मुख्याध्यापक आले आणि म्हणाले की चष्मा उत्तम झाला आहे, फक्त बायको जरा लांब गेल्यासारखी वाटते. तेव्हापासून काका दुकानात मान खाली घालून काच घासत बसले आहेत आणि मी त्यांच्यासमोरून गेले की विनाकारण खोकतात.

आता तुझं. तुझी जागा पक्की होण्याची बातमी वाचून मी पीठ मळता मळता उठले आणि हात न धुताच काकांना पत्र दाखवायला गेले, म्हणून पिठानं माखलेलं ते तपासून परत पाठवायची सोय उरली नाही. तुझी आई मला दर फोनला विचारते की पोरीचं कायम कधी होणार. बाबांना ती सांगत नाही, पण रात्री जागी असते. तेव्हा मी मावशी म्हणून स्वार्थी सल्ला देते. तुझे सर म्हातारे झाले आहेत. महिन्याभरात जातील. त्या पिढीच्या तोंडात असल्या थट्टा घट्ट बसलेल्या असतात, पान खाणाऱ्याच्या दातांसारख्या. तू माइक घे. तुझ्या सरावात असलं काही बोलू नकोस. तेवढ्यानं पुढची सगळी मुलं वाचतील. मागचं उकरून कोणाचं भलं होणार आहे?

हे झालं माझं मत. पण मी तुला शिकवलेलं आहे, त्यामुळे दोन गोष्टी नजरेतून सुटल्या नाहीत.

पाहुणे गोरे होते हे तू लिहिलंस. खिडकीवाले कुठल्या वस्तीतले ते लिहिलंस. मुलांचे पणजे कुठून आले तेही लिहिलंस. सरांबद्दल मात्र अवाक्षर नाही. मी पत्र पुन्हा वाचलं तेव्हा माझ्या ध्यानात आलं की ते आपल्यातले असणार. आपल्या माणसाचा रंग आपल्याला दिसत नाही, खरं ना?

आणि टेबलाशी काय ऐकू आलं ते सांग. न लिहायचं असतं तर तू ते ऐकलंस हेही लिहिलं नसतंस.

जेवणाची हेळसांड करू नकोस. तारे बघून पोट भरत नाही. माया आहेच, ती पत्रागणिक मागायची गरज नाही.

तुझी
मावशी

ता. क. काकांचा निरोप. ते म्हणतात, मी खोकतो तो सर्दीमुळे. आणि म्हणतात की पोरीला सांग, घाबरू नको, पण घाई पण नको. हे बोलून स्वतःच म्हणाले की हा सल्ला कुठल्याही डोळ्याला बसेल.

* * *

घुमटाची खोली,
शनिवार, १४ ऑक्टोबर

ती. सौ. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तू पकडलंस. सर आपल्यातलेच. चहाच्या वेळी माझ्याशी आपल्या भाषेत बोलतात, घरचं विचारतात. परक्या गावात कोणी आपल्या भाषेत जेवलीस का असं विचारलं की अंगावर शाल पडल्यासारखं वाटतं. ती शाल उतरवायला नको म्हणून माझ्या हातून लिहायचं राहिलं असेल. मुद्दाम नव्हतं. पण मुद्दाम नव्हतं एवढ्यानं पायरी बरोबर होत नाही.

तुझा सल्ला मी ऐकला नाही. रागावू नकोस. अगदीच ऐकला नाही असंही नाही, कारण समितीकडे गेले नाही, नुसती संचालिकाबाईंना भेटले. त्यांच्या खोलीत जाड गालिचा आहे, आपलीच पावलं ऐकू येत नाहीत. स्वप्नात चालल्यासारखं होतं. त्यांनी मला बसवलं, चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या की सरांनी मुलांची भीती घालवायला गंमत केली, त्यात वाईट काय. मी म्हटलं की बंदराच्या शाळेच्या बाईंचा फोन आला होता, तो मीच घेतला आणि वर जोडून दिला. त्यावर म्हणाल्या की हो, त्यांना आपण पुढच्या खेळाचे फुकट पास पाठवले आहेत, त्या खूश असतील.

मी विचारलं की खिडकीवाल्यांच्या वेळी पाहुण्या बाईंनाही पास देऊन भागलं नसतं का. म्हणाल्या की ते वेगळं, ते द्वेषानं बोलले, सर प्रेमानं बोलले. मी विचारलं की दोघांच्या आतलं आपल्याला कसं दिसलं. त्या हसल्या. म्हणाल्या की तू माइकवर फार छान बोलशील, तुला प्रश्न चांगले पडतात. आणि दार उघडून धरलं. मावशी, मला कोणी ओरडून हाकललं असतं तर मी रडले असते आणि मोकळी झाले असते. असं कौतुकानं बाहेर काढलं की माणूस जिन्यात उभा राहून थँक्यू म्हणतो. मी म्हटलं, खरंच म्हटलं.

मग बुधवारच्या सुट्टीत खिडकीवाल्यांना शोधून काढलं. ते आता मोटारी उभ्या करायच्या तळावर पावत्या फाडतात. एका खोक्यात बसतात, पुढे काच, काचेला भोक. मला बघून म्हणाले की बघा, खिडकी सुटली नाही, फक्त आकाश गेलं. मी घुमटाचं समितीला सांगितलं नव्हतं, ते त्यांना सांगितलं. त्यांनी हात झटकला. म्हणाले की माझी वकिली करू नका, बोललो ते बोललो, त्या बाईंना तोंडावर माफ करा म्हणायचं होतं तर मला त्यांच्याजवळ जाऊ दिलं नाही. मग म्हणाले की तसे हे गोरे असतातच... आणि माझ्याकडे बघून एकदम गप्प झाले, स्वतःच्याच तोंडावर चापट मारल्यासारखं केलं आणि हसायला लागले. मीही हसले. हसू येण्यासारखं नव्हतं, पण आलं.

सरांचं मी सांगणार नव्हते. पण खिडकीवाल्यांना ते आधीच माहीत होतं, त्यांच्या वस्तीतल्या घराघरांत पोचलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं की मुलं हसली का. मी म्हटलं पुढची नाही हसली. समोर गाडी नव्हती, तरी त्यांनी एक पावती फाडली आणि तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले की मला समितीनं संध्याकाळी घालवलं आणि सरांना पुढच्या महिन्यात शाल देणार, आणि ह्यात गंमत अशी की वाईट आम्ही दोघंही सारखंच बोललो.

परतताना मला सारखं वाटत होतं की शहरावरही एक मोठा घुमट आहे आणि कोणी कुठे काय पुटपुटलं ते कुठेतरी कोणाच्या तरी कानात उतरतंय. फक्त कुठल्या कानाशी उतरलं त्यावर ते मोठं की छोटं ठरतं.

तुझा दुसरा प्रश्न मी विसरलेले नाही. लिहीन.

काकांच्या सर्दीला आराम पडो. मुख्याध्यापकांची बायको जवळ आली का ते कळव. माझ्यावर जीव टाकतेस तो तसाच टाकत जा, मी सल्ला मोडला तरी.

तुझी
शंकाबाई

* * *

घरून,
शुक्रवार, २० ऑक्टोबर

चि. शंकाबाईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

सल्ला मोडलास. मोडणार हे मला माहीत होतं. तू घरात शिकत होतीस तेव्हा दादाशी भांडण झालं की मी नियम घातला होता, दुसरा काय बोलला ते सांगायचं असेल तर आपण काय बोललो ते आधी सांगायचं. दादा लगेच तक्रार मागे घ्यायचा. तू मात्र उभी राहून स्वतःचे सगळे अपशब्द क्रमानं सांगायचीस, मग त्याचे. मला हसू दाबायला पाठ करावी लागायची.

काकांच्या दुकानात परवा एक गिऱ्हाईक आलं. म्हणे एका डोळ्याला नंबराची काच घाला आणि दुसऱ्याला साधी, बाहेरून कोणाला काय कळतंय. काकांनी मानेनं नकार दिला. तो वाद घालायला लागला, तेव्हा म्हणाले की साहेब, बाहेरून नाहीच कळणार, पण घालून चालायला लागलात की जमीन हलते. मी आत भाजी चिरत होते. मला तू आठवलीस. तुझ्या पत्रात तुझी जमीन हलते आहे.

मी गप्प बस म्हटलं होतं ते मागे घेत नाही. फळीवर ठेवून देते. पण जाणारच असशील तर काय मागायला जाणार, ते आधी स्वतःशी ठरव. खिडकीवाल्यांना परत घ्या म्हणायचं आहे? मग तसं म्हण. सरांना शिक्षा करा म्हणायचं आहे? मग ते म्हण, आणि नंतर सरांच्या नजरेला नजर द्यायची तयारी ठेव. नुसतं मन हलकं करायचं असेल तर मला लिही, समिती कशाला? पोस्टाचा खर्च कमी येतो.

आणि एक. ज्यांच्याबद्दल तू बोलणार त्यांना आधी सांग. पाठीमागून जाऊ नकोस. आपल्या माणसाला तर मुळीच नको.

टेबलाशी काय ऐकू आलं? तिसऱ्यांदा विचारणार नाही.

मुख्याध्यापकांची बायको जवळ आली. आता ते म्हणतात, जरा जास्तच.

तुझी
मावशी

* * *

घुमटाची खोली,
शुक्रवार, २७ ऑक्टोबर

ती. सौ. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तिसऱ्यांदा विचारावं लागणार नाही.

त्या दिवशी मी तारे आणले आणि पुढची रांग मुकी राहिली. खेळ अर्ध्यावर आला होता. सर धूमकेतूबद्दल बोलत होते. दरवाज्याजवळच्या टोकाच्या खुर्चीवरून, भिंतीला लागून बसलेल्या एका मुलीनं शेजारणीला हळूच काही विचारलं असावं. ते घुमटावरून सरपटत माझ्या कानात उतरलं. तिनं विचारलं की माझे दात दिसले का गं. शेजारीण नाही म्हणाली. मग ती म्हणाली की धूमकेतू आला तेव्हा मला तोंड उघडावंसं वाटलं होतं.

बस, एवढंच. मी खुर्च्यांत बसलेली असते तर मला हे कधीच कळलं नसतं. सरांना नाही कळलं. संचालिकाबाईंना नाही. शेजारणीला आणि मलाच. मी तुला लिहिलं नाही, कारण कागदावर उतरलं की मला काहीतरी करावं लागेल हे मला ठाऊक होतं.

तू म्हणालीस, आधी त्यांना सांग. सांगितलं. मंगळवारी सरांनी मला रिकाम्या घुमटाखाली बोलायचा सराव दिला. त्यांची बाणाची विजेरी माझ्या हातात दिली, तीच, जिच्या प्रकाशाचा बाण ते इतकी वर्षं ताऱ्यांवर फिरवत आले. म्हणाले की आता ही तुझी. ते पुढच्या रांगेत जाऊन बसले, मुलांसारखे. मी सूर्य मावळवला. काळोख झाला. मी बोलायला सुरुवात केली, आणि मावशी, मी इतकी चांगली बोलले! माझा आवाज घुमटात वर गेला आणि मऊ होऊन परत आला. मी आकाशगंगा दाखवली. मी असं म्हटलं की ही एवढी मोठी वाट, पण चालायला कोणी नाही, आणि मला खालून सरांचा आऽऽ ऐकू आला. म्हातारा माणूस, हजारदा पाहिलेलं आकाश, तरी आऽऽ. त्या क्षणी मला काहीही सांगायचं नव्हतं. तो काळोख असाच राहावा आणि आम्ही दोघं असेच बसून राहावं असं वाटलं.

मग मी सांगितलं. माइक बंद करून, टेबलापाशी उभी राहून. आधी स्वतःचं, खिडकीवाल्यांच्या वेळी घुमटाची गोष्ट समितीला सांगितली नाही ते. मग त्यांचं. ते म्हणाले की सगळे हसले होते. मी म्हटलं की मागचे हसले. ते म्हणाले की त्यात काय, माझ्या लहानपणी मलाही काय काय म्हणायचे, मी नाही रडलो. मी म्हटलं की तीही रडली नाही, आणि तिनं काय विचारलं ते सांगितलं. आपल्याच भाषेत सांगितलं, म्हणून ते जास्त उघडं वाटलं.

काळोख तसाच होता. पहाट करायला माझा हात खटक्याकडे जाईना. किती वेळ गेला माहीत नाही, तारे मात्र थोडे सरकले होते. मग ते म्हणाले की तू समितीकडे गेलीस तर माझ्या तोंडून तुझं नाव पुढे जाणार नाही. धमकी नव्हती. पाऊस पडणार आहे असं सांगावं तसं सांगितलं. मी हो म्हटलं. विजेरी परत द्यायला गेले तर घेतली नाही, म्हणाले की दिलेलं मी परत घेत नाही. आणि म्हणाले की आता उजाडव. मी उजाडवलं. बघितलं तर त्यांचा एक हात ओठांवर होता. बहुधा खोकला आला असेल. शंका आहे म्हणून तसं लिहिते, जास्त काही समजू नकोस.

तू विचारलंस की काय मागणार. मी ठरवलं आहे. आधी माझी गाळलेली पायरी सांगणार, की खिडकीवाले कुजबुजले होते, आणि ते लक्षात घेऊन त्यांचा पुन्हा विचार करा. त्यांना निर्दोष ठरवा असं म्हणणार नाही, तेही म्हणू देणार नाहीत. मग सरांचं सांगणार आणि म्हणणार की त्या वेळी मला विचारलेला प्रश्न आजही विचारा, स्पष्ट ऐकू आलं का. मी हो म्हणेन. तेव्हा कुजबुज होती, आता माइक होता. शिक्षा काय ते ते बघतील. पण दोघांना एकाच टेबलासमोर उभं करा. त्या मुलीला फुकट पास नको आहे, तिला कोणीतरी येऊन सांगायला हवं आहे की तोंड उघड.

वर निरोप देऊन वेळ मागितली आहे, वेळ मिळाली आहे. संचालिकाबाई जिन्यात भेटल्या, पहिल्यांदाच हसल्या नाहीत. सरांनी चहाला बोलावणं बंद केलं आहे. आज एकटीनं चहा घेतला, आणि जेवलीस का असं कोणी विचारलं नाही. ती शाल गेली मावशी. थंडी वाजते, पण श्वास मोकळा येतो.

माइक माझा होणार नाही, बहुतेक. मी कदाचित हंगामीच राहीन, किंवा तेही नाही. आईला तू सांग, माझ्यानं सांगवणार नाही. तिला म्हणावं की पोर ठीक आहे, जेवते, झोपते. झोपेत कधीकधी घुमट येतो, पण त्यात सगळीकडून आऽऽ येत असतो, पुढूनही, मागूनही, आणि मग मी उठते.

तुझ्या फळीवरचा सल्ला तिथेच राहू दे, मला कधीतरी लागेल. काकांना म्हणावं, दोन्ही डोळ्यांना एकाच नंबराची काच घालून चालते आहे, अजून तरी पडले नाही. माया माझ्या वाट्याची मोजून ठेव, घ्यायला येईन.

तुझी
शंकाबाई

ता. क. वेळ मिळाली म्हटलं आणि दिवस लिहायचा राहिला. तू तेव्हा दिवा लावू नकोस की काही करू नकोस, फक्त त्या वेळी माझ्याबद्दल शंका घेऊ नकोस. सरांच्या सत्काराच्या दोन दिवस आधी, सकाळच्या पहिल्या खेळाअगोदर, गुरुवार, २ नोव्हेंबर.